ओरखड्याला दोन टोकं असतात

चंद्रपूरजवळ इरई इथे एक चुनखडक आहे. भर दुपारी अशा खडकात बघण्यासारखं काहीच सापडत नाही. ऊन तिरपं असलं, म्हणजे सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर, की त्याच्या गुळगुळीत पाठीवर समांतर रेघा उठून दिसतात. भांडी घासायच्या राखेत एखादा खडा राहून गेला की पितळेच्या पातेल्यावर उमटतात तशा. उमटण्याची रीतही तीच आहे. हाताच्या जागी शेकडो मीटर जाडीचं बर्फ, आणि राखेतल्या खड्याच्या जागी त्या बर्फाच्या तळाला रुतून बसलेले दगड.

जिथे मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या आसपास जातो, त्या मुलखात हिमनदीचे ओरखडे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी १८७५ मध्ये त्यांची नोंद छापली. त्याच्या जवळजवळ २० वर्षं आधी, १८५६ मध्ये, ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी ओडिशातल्या तालचेरच्या खोऱ्यात मोठमोठे गोटे आणि बारीक हिरवट चिखल एकत्र थिजलेला थर पाहिला होता आणि हे बर्फाचं काम असावं असं म्हटलं होतं. आज अशा थरांना तालचेर थर म्हणतात आणि त्यांचं वय ढोबळमानाने ३० ते २९ कोटी वर्षं धरतात.

भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका ज्यात एकत्र होते ते गोंडवाना नावाचं हरवलेलं खंड जुळवायची सुरुवात अशा रेघांपासून करावी असं माझं मत आहे. शाळेच्या पुस्तकात सुरुवात दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका यांच्या किनाऱ्यांपासून होते. ती दिसायला सोपी आहे, पण समुद्राची पातळी चढली-उतरली की किनारा बदलतो. म्हणून बुलार्ड आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये संगणकावर जुळणी केली ती किनाऱ्याची केली नाही, पाण्याखाली ५०० फॅदम, म्हणजे सुमारे ९०० मीटर खोल असलेल्या खंडउताराच्या रेषेची केली. किनारा तर पाणी पुसून टाकतं. ओरखडा खडकात कोरलेला राहतो.

फक्त तो हिमनदीचाच आहे याची खात्री आधी करावी लागते. खडक एकमेकांवर घसरले की त्या भेगेच्या पृष्ठावरही रेघा पडतात, पण तिथे बहुधा कॅल्साइटचा किंवा क्वार्ट्झचा चकचकीत लेप असतो आणि हाताला बारीक पायऱ्या लागतात. नांगराचा फाळ, बैलगाडीची धाव, जेसीबीचे दात यांनीही चुनखडक ओरबाडला जातो. म्हणून निर्णायक कसोटी एकच: रेघा वरच्या गोट्यांच्या थराखाली शिरताना दिसायला हव्यात. उघड्यावर पडलेल्या सपाटीवरच्या रेघा कितीही देखण्या असोत, थोडी माती बाजूला करून त्या थराखाली जातात की कडेला येऊन थांबतात हे पाहिल्याशिवाय वहीत ‘हिमनदी’ हा शब्द लिहू नये. पृष्ठ ओलं केलं की रेघा स्पष्ट होतात. हातोडा मात्र तिथे पिशवीतच राहू द्यावा. नमुना हवाच असेल तर रबराचा किंवा प्लास्टरचा साचा घ्यावा.

एवढं करून जे मिळतं ते अर्धंच उत्तर असतं. रेघ ईशान्य-नैऋत्य आहे असं कंपास सांगतो, पण बर्फ ईशान्येकडे गेलं की नैऋत्येकडे, हे रेघ सांगत नाही. तिला दोन टोकं असतात, बाण नसतो.

मोजणीची सर्वांत जास्त दिसणारी चूक याच ठिकाणी होते. समजा एका रेघेची दिशा ५ अंश वाचली आणि शेजारच्या रेघेची १७५ अंश. दोन्ही रेघा जवळपास उत्तर-दक्षिण आहेत. नेहमीची सरासरी काढली तर उत्तर येतं ९० अंश, म्हणजे पूर्व-पश्चिम. साफ उलटं. रेघांची सरासरी काढताना प्रत्येक कोन आधी दुप्पट करायचा: १० आणि ३५०. मग त्यांच्या साइन-कोसाइनवरून सरासरी दिशा काढायची, ती येते शून्य. तिचं निम्मं केलं की शून्य, म्हणजे उत्तर-दक्षिण. दुप्पट केल्याने रेघेची दोन्ही टोकं एकाच कोनावर येतात, म्हणून ही युक्ती चालते. स्प्रेडशीटमध्ये नुसतं सरासरीचं सूत्र ओढून बसवलं की ती चूक कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण येणारा आकडा दिसायला सभ्य असतो.

बाण शोधायला दुसऱ्या खुणा लागतात. बर्फ ज्या बाजूने खडकाच्या उंचवट्यावर चढलं ती बाजू घासून गुळगुळीत होते, आणि जिकडे उतरलं तिकडचे तुकडे उपटून निघाल्याने ती ओबडधोबड राहते. चुनखडकात चर्टची एखादी कठीण गाठ असेल तर फारच उत्तम. गाठ झिजत नाही आणि तिच्या आडोशाला मऊ खडकाचा लांबट उंचवटा शिल्लक राहतो, उंदराच्या शेपटीसारखा. शेपटी ज्या दिशेला, त्या दिशेला बर्फ गेलं. चंद्रकोरीसारख्या तडकलेल्या खुणाही भेटतात, पण कोरीचं तोंड कुठे आहे एवढंच पाहून निकाल देऊ नये. त्यांच्या काही प्रकारांची तोंडं प्रवाहाच्या दिशेने उघडतात, काहींची बरोबर उलट.

आता वरचा गोट्यांचा थर. त्यात एका बाजूला वाटाण्याएवढा खडा आणि त्याला खेटून माठाएवढा धोंडा असतो. वाहतं पाणी आकारानुसार निवड करतं; बर्फ करत नाही, जे मिळेल ते उचलतं. पण दरडीबरोबर वाहून आलेला चिखलही निवड करत नाही, त्यामुळे नुसता गोंधळ पाहून ‘बर्फ’ म्हणता येत नाही. गोटे एकेक करून हातात घ्यावे लागतात. घासून सपाट झालेल्या बाजू, इस्त्रीसारखा आकार, लांबीच्या दिशेने पडलेल्या आणि एकमेकींना छेदणाऱ्या रेघा. शंभर गोटे मोजले तर त्यातल्या थोड्यांवरच रेघा सापडतात. त्यातही चुनखडक आणि बारीक कणांचे खडक रेघ छान धरतात. ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झाइट सहसा दाद देत नाहीत. म्हणून ग्रॅनाइटचे गोटे पाहून ‘ओरखडे नाहीत’ अशी नोंद करणं म्हणजे काळ्या कापडावर शाईचा डाग शोधण्यासारखं आहे.

तालचेर थरांतला सर्वांत बोलका पुरावा त्याहून शांत जागी असतो. गोट्यांच्या थराच्या वर हिरवट शेल हा चिखलाचा खडक लागतो, हातात घेतला की सुयांसारख्या काटक्या होऊन मोडणारा. त्याच्या पानापानांच्या थरांत मधेच एकटा गोटा रुतलेला दिसतो. तळ्याच्या शांत पाण्यात बारीक गाळ बसत होता, वर तरंगणारा बर्फाचा तुकडा वितळला आणि त्यातला दगड सुटून खाली आला. दगडाखालची पानं वाकलेली, काही फाटलेली, आणि वरची पानं त्याच्यावर पांघरुणासारखी पसरलेली असतील तरच हे वाचन टिकतं. खालची पानं फाटलेली नसतील आणि वरची-खालची सारखीच वळलेली असतील तर तो दगड वरून पडला असं म्हणता येत नाही. थर दबताना पानं त्याच्याभोवती वळली असतील. आणि एकट्या दगडावर फार भिस्त ठेवू नये. उपटलेल्या झाडाच्या मुळांत अडकूनही दगड पाण्यावर दूर जातात.

हे सगळं जुळवल्यावर भारतात चित्र असं येतं की बर्फ ढोबळमानाने उत्तरेकडे सरकत होतं. म्हणजे आजच्या नकाशावर विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे. दक्षिण अमेरिकेच्या पूर्व भागात त्याच युगातलं बर्फ समुद्राच्या बाजूने जमिनीवर चढलेलं दिसतं. बर्फाची चादर अशी वागत नाही. ती उंच, थंड जमिनीवर साठते आणि बाहेरच्या बाजूला पसरते. तेव्हा चुकीचे ओरखडे नसून नकाशा आहे, हे म्हणायला धाडस लागत होतं. आल्फ्रेड वेगेनरने खंड सरकतात असं मांडून ते १९१२ मध्ये केलं आणि दक्षिण आफ्रिकेच्या अलेक्झांडर दु त्वा याने पुढे अटलांटिकच्या दोन्ही बाजूंचे थर स्वतः पाहून ते काम खडकांच्या भाषेत मांडलं.

पण ‘गोंडवाना’ हे नाव त्याआधीच रुळलं होतं. मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये आपल्या मध्य भारतातल्या थरांसाठी ते सुचवलं, १८७६ मध्ये फाइस्टमांटेल यांनी छापलं, आणि १८८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या एडवर्ड झ्यूसने त्यावरून अख्ख्या खंडाला ‘गोंडवाना-लँड’ म्हटलं. गोंड राजांची राजधानी असलेल्या चंद्रपूरच्या परिसरातच त्या खंडावरच्या बर्फाचा इतका स्पष्ट ठसा असावा, हा योगायोगच. कोणी ठरवून केलेलं नाही.

झ्यूसच्या हाती मुख्य पुरावा होता एका पानाचा. ग्लॉसॉप्टेरिस. जिभेच्या आकाराचं पान, मधे ठसठशीत शीर आणि तिच्यापासून निघालेल्या, एकमेकींना मिळून जाळं करणाऱ्या बारीक शिरा. मधली शीर नसेल आणि जाळं तेवढं असेल तर ते गँगामॉप्टेरिस. भिंगाखाली हा फरक पाहायला दोन मिनिटं पुरतात, पण पानाचा बुडखा मोडलेला असेल तर चुकायला तितकाच वेळ लागतो, कारण ग्लॉसॉप्टेरिसची शीर टोकाकडे विरत जाते. ब्राँग्न्यारने १८२८ मध्ये नाव दिलं तेव्हा ते नेच्याचं पान वाटलं होतं. नंतर ते बिया धरणारं झाड ठरलं. हे पान भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका सगळीकडे मिळतं. दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या स्कॉटच्या तुकडीने सुमारे १६ किलो दगड शेवटपर्यंत ओढत नेले होते. त्यांतही हे पान होतं. १९१४ मध्ये सीवर्ड यांनी ते ओळखलं.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. याच पानावरून झ्यूसने चुकीचा सिद्धान्त मांडला. त्याच्या मते खंड जागच्या जागीच होते, मधली जमीन बुडाली आणि तिथे महासागर झाले. पानाला दोन्ही गोष्टी सारख्याच. झाडं एका जमिनीवर होती एवढंच ते सांगतं; ती जमीन सरकली की बुडाली यावर ते काहीच बोलत नाही. बुडण्याचा पर्याय बाद केला तो वजनाने. खंडांचा खडक समुद्रतळाच्या खडकापेक्षा हलका आहे, आणि हलकी वस्तू जड वस्तूत अशी गडप होत नाही. म्हणजे पान मोलाचं आहे, पण त्याला दुसऱ्याचं पाठबळ लागतं.

प्राण्यांचंही तेच. लिस्ट्रोसॉरस हा सुळे असलेला, डुकराएवढा चरणारा प्राणी राणीगंजच्या पंचेत थरांत सापडतो, दक्षिण आफ्रिकेत सापडतो, आणि १९६९ मध्ये एडविन कोल्बर्टच्या तुकडीला अंटार्क्टिकातही सापडला. खंडवहनाच्या बाजूने तो ठणठणीत पुरावा म्हणून गाजला. पण तो चीन आणि रशियातही मिळतो. त्यामुळे जमीन जोडलेली होती हे तो सांगतो. गोंडवानाची सीमा कुठे होती हे सांगत नाही. सीमेसाठी युरीडेस्मा हा थंड पाण्यातला जाड शिंपला जास्त उपयोगी. तो छत्तीसगडमधल्या मनेंद्रगडला हसदेव नदीच्या काठी तालचेर थरांत आहे, आणि ऑस्ट्रेलियात व दक्षिण आफ्रिकेच्या बाजूलाही आहे. वितळणाऱ्या बर्फामागोमाग आत शिरलेला समुद्र कुठवर आला होता, हे त्याच्यावरून कळतं.

चंद्रपूर, बल्लारपूर, वणी इथल्या खाणींतून निघणारा कोळसा ही त्याच ग्लॉसॉप्टेरिसच्या जंगलांची शिल्लक. त्यात राख भरपूर का, हा प्रश्न वीजकेंद्रातल्या माणसाला रोज पडतो. त्याचं बरंचसं उत्तर गाळात आहे. हे दलदलीचे भाग नद्यांना लागून होते आणि पुराबरोबर माती सतत आत येत होती.

बर्फाने दिशा दिली, पानाने शेजार दिला. आपण किती दक्षिणेला होतो हे मात्र दोघांनाही सांगता येत नाही. त्यासाठी खडकातला कंपास वाचावा लागतो. गाळ बसताना त्यातले मॅग्नेटाइटचे आणि हेमाटाइटचे कण त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने बसतात. हे क्षेत्र विषुववृत्तावर आडवं असतं आणि ध्रुवाकडे जाताना जमिनीत तिरपं शिरतं. या तिरपेपणाला कल म्हणतात. नियम साधा आहे: कलाच्या कोनाचा टॅन म्हणजे अक्षांशाच्या टॅनची दुप्पट. कोन ६० अंश आला तर अक्षांश सुमारे ४१ अंश.

काम करताना मात्र काहीच साधं नसतं. पाण्याने थंड ठेवलेल्या हिऱ्याच्या पोकळ ड्रिलने २५ मिलिमीटर व्यासाची कांडी काढायची आणि ती खडकातून मोडण्याआधी तिच्यावर दिशा कोरायची. कांडी आधी निघाली आणि दिशा नंतर आठवली तर नमुना फेकावा लागतो. लोहयुक्त खडकापाशी साधा कंपास बहकतो, म्हणून सावलीवर चालणारा सूर्यकंपासही लावतात. टेकडीच्या माथ्यावरचे उघडे खडक टाळतात, कारण वीज पडल्याने त्यांचं चुंबकत्व बदललेलं असतं. प्रयोगशाळेत २२ मिलिमीटरचे तुकडे करून चुंबकक्षेत्र अडवलेल्या भट्टीत टप्प्याटप्प्याने तापवायचे: १०० अंशांपासून सुरुवात, ५००च्या पुढे टप्पे लहान, मॅग्नेटाइटसाठी ५८० आणि हेमाटाइटसाठी ६८० अंशांपर्यंत. प्रत्येक टप्प्यावर नंतर चिकटलेलं चुंबकत्व सुटत जातं आणि जुनं उरतं. उरलं तर.

मध्य भारतात हे न उरण्याचं मोठं कारण दख्खनचा लाव्हा आहे. ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो गोंडवाना थरांच्या आसपास आणि काही ठिकाणी वरून पसरला, भेगांत शिरून थिजलेल्या त्याच्या भिंती या थरांतून वर आल्या. ती उष्णता आणि तिच्यासोबत फिरलेलं गरम पाणी यांनी जुन्या खडकांवर नवा शिक्का मारला. म्हणून ३० कोटी वर्षांच्या वालुकाश्मातून दख्खनच्या काळचा अक्षांश निघू शकतो आणि तो छान जुळलेला, नेटका दिसतो. तपासायला घड्यांची कसोटी असते: थर वळलेले असतील तर ते सपाट करून दिशा जुळतात की विस्कटतात ते पाहायचं. जुळल्या तर चुंबकत्व वळण्याआधीचं. गोंडवानाचे थर बहुतेक ठिकाणी जवळपास सपाट असल्याने ही कसोटी हाताशी येत नाही, आणि ही खरी अडचण आहे. लाव्हा स्वतः मात्र उत्तम साक्षीदार. १९५०च्या दशकात दख्खनच्या बेसाल्टचं चुंबकत्व मोजलं गेलं तेव्हा तो वाहताना भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता हे उघड झालं.

गाळात आणखी एक खोट असते. वरचं ओझं वाढलं की चिखल दबतो आणि त्यातले तिरपे कण आडवे होतात. मूळ कोन ६० अंश असेल आणि दबण्याने त्याचा टॅन ०.६ पट झाला, तर आपल्याला दिसतो सुमारे ४६ अंश. त्यावरून अक्षांश निघतो २७ ते २८. म्हणजे १३ अंशांहून जास्त चूक, जमिनीवर जवळजवळ १,५०० किलोमीटर. कोणी फसवलेलं नसताना, यंत्र बिनचूक असताना. दुरुस्ती करायची तर शंभराहून जास्त नमुन्यांचा विखुरलेपणा कोणत्या आकाराचा आहे ते पाहून करतात. आठ-दहा कांड्यांच्या भरवशावर नाही. आणि सगळं बरोबर आलं तरी रेखांश मिळत नाही. कंपासला पूर्व-पश्चिम कळत नाही.

शेजार पक्का करायला शेवटी वाळूचा कण लागतो. झिरकॉन. ग्रॅनाइटात जन्मतो, झिजत नाही, आणि त्यातलं युरेनियम शिसं होत जातं म्हणून जन्मतारीख खिशात घेऊन फिरतो. कणांची वयं ज्या डोंगरांच्या खडकांशी जुळतात, तिकडून ती वाळू आली असं धरतात. दोन-तीन किलो वालुकाश्म कुटायचा, चाळायचा, हलणाऱ्या टेबलावर पाण्याने हलका भाग धुवून काढायचा, लोहचुंबकाला लागणारे कण दूर करायचे आणि उरलेलं जड द्रवात टाकायचं. क्वार्ट्झची घनता २.६५, तो तरंगतो, झिरकॉनची ४.६, तो तळाला. मग कण रेझिनमध्ये बसवून निम्मे होईपर्यंत घासायचे आणि प्रत्येकावर २५-३० मायक्रॉनचा लेझर.

बिघडतं ते लेझरच्या आधीच. चाळणीच्या जाळीत मागच्या नमुन्याचे कण अडकून राहतात. म्हणून जाळी दर वेळी नवी लागते. सुईने कण निवडणारा माणूस नकळत मोठे, स्वच्छ, गुलाबीसर कण उचलतो आणि धुरकट, जुने कण मागे राहतात. अहवालात मग एक अख्खी पर्वतरांग गायब होते. किती कण मोजायचे यालाही हिशेब आहे. ६० कण मोजले तर ५ टक्के वाटा असलेला एखादा ठरावीक वयाचा गट हातून निसटण्याची शक्यता साधारण ४.६ टक्के. असा एकही गट निसटू नये हे ९५ टक्के खात्रीने म्हणायचं असेल तर ११७ लागतात. आणि कण पूर्वीच्या एखाद्या वालुकाश्मातून दुसऱ्यांदा निघालेला असू शकतो. तेव्हा तो त्याच्या जन्माचं घर सांगतो, मधला मुक्काम सांगत नाही.

भारताच्या पूर्व घाटात १०० ते ९० कोटी वर्षांपूर्वी तापून निघालेल्या खडकांचा पट्टा आहे. तोच पट्टा पूर्व अंटार्क्टिकात रायनर नावाने पुढे जातो. या दोघांना जवळ आणलं की महानदीची खचदरी लँबर्ट हिमनदीच्या खचदरीसमोर येते, असं बहुतेक नकाशे मांडतात. अचूक सांधा कुठे, यावर अजून वाद होतात, कारण खंड फाटताना कडा च्युइंगगमसारख्या ताणल्या गेल्या आणि समोरची बाजू बहुतेक बर्फाखाली आहे. पण लँबर्टच्या कडेला प्रिन्स चार्ल्स पर्वतात पर्मियन, म्हणजे सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या काळातल्या, कोळशाचे थर उघडे पडलेले आहेत, ग्लॉसॉप्टेरिसच्या पानांसकट.

आणि तिथे नद्यांच्या वाळूत तिरपे थर आहेत. ओरखड्याला बाण नसतो, तिरप्या थराला असतो: तो ज्या बाजूला उतरतो तिकडे पाणी गेलं. एका उघड्या जागी किमान २५ मोजण्या घ्यायच्या, खळग्यांच्या कडांवरून न घेता अक्षावरून घ्यायच्या, थर पंधरा-वीस अंश कललेला असेल तर आधी तो सपाट करून घ्यायचा. प्रिन्स चार्ल्स पर्वतातले बाण उत्तरेकडे जातात. तालचेरच्या खोऱ्यातले, आजच्या बंगालच्या उपसागराच्या बाजूने येऊन, ढोबळमानाने वायव्येकडे जातात. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातही पर्मियन नद्या उत्तर-वायव्येकडेच वाहत होत्या, आजच्या गोदावरीच्या उलट. या नद्यांचा उगम आज जिथे समुद्र आहे त्या बाजूला होता. ब्राह्मणी तालचेरवरून जाते ती आज आग्नेयेला, त्याच खाचेतून, उलट्या दिशेने.